पहिली बास्केट पडेपर्यंत

मी उठले, पण खुर्ची उठली नाही. स्टेडियमात वरच्या मजल्यावरच्या आमच्या खुर्च्या माणूस उठला की खाडकन मिटतात, पाठीमागून कुणी चापट मारावी तशा. सतरा वर्षं मला त्या आवाजाची सवय आहे. इथे, खाली लाउंजमध्ये, मी कोट काढायला उभी राहिले आणि तो आवाज आलाच नाही म्हणून दचकून मागे वळले. ती तपकिरी चामड्याची रुंद खुर्ची तशीच पसरलेली. माझ्या बसण्याचा खळगा तिच्यात हळूहळू भरून येत होता. जा कुठे जायचं ते, मी काही तुझ्यासाठी मिटणार नाही, असं म्हणत असल्यासारखी. मला त्या खुर्चीचा तिथल्या तिथे राग आला. आणि राग आल्यावर मी परत तिच्यातच बसले, कारण दुसरं करणार काय.

"मऊ आहे ना गं?" ट्वायला म्हणाली.

"आहे. दाताच्या डॉक्टरकडेही अशीच असते."

ती हसली. तिच्या पलीकडे बसलेला हार्लनही हसला, आणि तो हसला म्हणून मला माझाच विनोद नकोसा झाला. हार्लन म्हणजे ट्वायलाचा नवरा. लग्नाला अकरा महिने झाले. साठीला आलेल्या बाईनं लग्न करावं याबद्दल माझं काही म्हणणं नाही. बाईनं कुणाशीही, कधीही करावं. गाड्या धुण्याची सहा ठिकाणं आहेत त्याची, बूट आरशासारखे, केस पांढरे आणि भरपूर, बोलणं असं की समोरच्याला आपण उगाच आवाज चढवला असं वाटावं. माणूस वाईट नाही. वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. लाउंजमधल्या या जागा त्याच्या. मैदान इतकं जवळ की खेळाडूंच्या बुटांची चरचर ऐकू येते. मागे लांबलचक टेबलावर भाजलेल्या गोमांसाचा मोठा तुकडा दिव्याखाली ठेवलेला, टोपी घातलेला माणूस त्याचे काप काढतोय. चीज घातलेली मॅकरोनी, तळलेली भेंडी, पीचचं गोड. सगळं हवं तितकं. मी आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना मोजून पळी वाढली. हवं तितकं म्हटलं की माझ्या हाताला घाम येतो.

ट्वायलाही त्याच स्वयंपाकघरातली. ती भट्टीपाशी, मी वाढायच्या खिडकीपाशी. शहरात हा संघ आला त्या वर्षी आम्ही दोघींनी मिळून वरच्या मजल्यावर, शेवटून दुसऱ्या रांगेत वर्षभराच्या सामन्यांसाठी दोन जागा घेतल्या, दोघींच्या नावावर. तेव्हा तिला दिसत होतं. म्हणजे नळीतून पाहावं तसं मधलं तेवढं दिसत होतं. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की नळी अरुंद होत जाणार. ती झाली. सातव्या वर्षी कधीतरी तिनं विचारलं, "आता कुणाकडे आहे गं?" मी सांगितलं. मग परत विचारलं. मग विचारायची गरज उरली नाही, मीच बोलत राहिले. चेंडू लंबूकडे. लंबूनं कोपऱ्यात पाद्रीला दिला. पाद्रीसमोर तो टकल्या उभा, हात असे पसरलेत जसा गुरं अडवतोय. पाद्री थांबला. पाद्री नाक पुसतोय. हाण रे पाद्री. ही नावं आमचीच. खरी नावं पाठीवर लिहिलेली असतात, पण त्यांचा ट्वायलाला काय उपयोग. चेंडू टाकण्याआधी आभाळाकडे बघतो म्हणून पाद्री. एकदा संघानं सगळं वर्षभर मार खाल्ला, तेव्हा मी तिला हरण्यातलं काहीतरी मजेशीर शोधून द्यायचे. नव्हतं तिथेही द्यायचे. ज्या सामन्यात काही म्हणजे काहीच घडलं नाही त्या सामन्यात मी पाद्रीला वर आमच्या रांगेकडे बघून छातीवर हात ठेवायला लावलं. ट्वायला आठवडाभर खूश होती. खोटं होतं, हो. पण ती खोटं ऐकायला माझ्याच तोंडाशी कान आणायची. तिच्या केसांच्या रंगाचा वास मी कुठेही ओळखेन. घरी गेल्यावर घसा बसलेला असायचा. दुसऱ्या दिवशी वाढताना पोरं म्हणायची, मिस ग्लेंडा, तुम्ही बेडकासारख्या बोलता. माझा नवरा मला सोडून टल्सा शहरात दुसऱ्या बाईकडे राहायला गेला तेव्हाही कुणी मला बोलायला इतकं लावलं नव्हतं.

या वर्षी तिनं निम्मे सामने खाली पाहिले. पाहिले म्हणजे काय ते तिलाच ठाऊक. मी वर एकटी. तिची खुर्ची माझ्या शेजारी मिटलेली. वर तिला बसायचं असलं की ती खुर्ची मी तळव्यानं दाबून धरायचे, नाहीतर मिटलेल्या फळीवर ती आपटली असती. आणि एकटी असतानाही दोनतीनदा माझा हात तिकडे गेला, दाबून धरली, कुणी बसलं नाही, सोडली, खाड. पुढच्या वर्षी जागा ठेवायच्या की नाही हे तिकिटांच्या ऑफिसला उद्या संध्याकाळी पाचपर्यंत कळवायचं होतं. दोघींनी हो म्हणायला हवं. एकीनं नाही म्हटलं तर जोडी मोडणार, आणि तिच्या खुर्चीवर कुणीतरी, देव जाणे कोण, येऊन बसणार. मी चार वेळा विचारलं. चौथ्यांदा ती म्हणाली, "आधी एकदा खाली येऊन बस माझ्याबरोबर. मग सांगते." म्हणून मी आले. मनगटावर कागदी पट्टा बांधून घेतला, दवाखान्यात बांधतात तसा, आणि आले.

तेवढ्यात एक मुलगी पाटी घेऊन आली. मला वाटलं खायचं काहीतरी असेल, कारण आकार शाळेतल्या जेवणाच्या ताटाएवढाच होता. तिनं ती ट्वायलाच्या मांडीवर ठेवली. पाटीवर मैदान होतं, उठावाच्या रेघांचं, दोन्ही टोकांना टोपल्या. ट्वायलानं कानात इअरफोनचं एक बोंड अडकवलं आणि दोन्ही हात पाटीवर पसरले.

"हात दे इकडे," ती मला म्हणाली. "चेंडू जिथे असेल तिथे थरथरतं बघ. पळतो चेंडू बोटांखालून. गुण कानात सांगतात."

"छान आहे हो," मी म्हणाले. हात दिला नाही.

"हिनं पहिल्यांदा हात ठेवला तेव्हा रडली," हार्लन म्हणाला. मला सांगत होता. मला! ती कधी आणि कशाला रडते हे तो मला सांगत होता.

"कांदा चिरतानाही रडते ती," मी म्हणाले.

मग प्रार्थना झाली. आमच्याकडे सामन्याआधी प्रार्थना असते. कुणीतरी पाद्री, खरा, मैदानाच्या मध्यावर येऊन खेळाडूंना आणि शेतांना आणि सैनिकांना आशीर्वाद मागतो. वर सगळे टोप्या काढतात. इथे आमच्यापुढचा एक जण गोमांस चावत होता. देवासमोर आवाज होऊ नये म्हणून हळू चावत होता, एवढं खरं. सतरा वर्षं मी या लोकांना वरून बघत आले. वरून ते दिसतात टक्कल आणि पेले. मी ट्वायलाच्या कानात त्यांना रोज शिव्या घालायचे. बघ, मुडदे बसलेत, म्हणायचे. अठरा हजार माणूस उभं आणि हे मुडदे बसलेत. कारण आमचा रिवाज असा की सामन्याच्या दोन्ही अर्ध्या भागांच्या सुरुवातीला, आपल्या संघाची पहिली बास्केट पडेपर्यंत कुणी बसायचं नाही. कुणी लिहून ठेवलेलं नाही, पहिल्या वर्षी आपोआप सुरू झालं आणि राहिलं. म्हातारे उभे राहतात, पाय मोडलेले कुबडीवर उभे राहतात. कधी दहा सेकंद, कधी चार मिनिटं. बास्केट पडली की मी ट्वायलाची बाही ओढायचे आणि दुसऱ्या हातानं खुर्ची दाबायचे, म्हणजे बस.

पंचानं चेंडू उडवला. ट्वायलानं पाटी बाजूच्या छोट्या टेबलावर ठेवली आणि उभी राहिली. तिला वेगळं काही सुचलंच नसणार. पहिली बास्केट पडलेली नाही, म्हणजे माणूस उभा आहे. ती लाल स्वेटर घालून, हनुवटी वर करून, मैदानाच्या जरा डावीकडे तोंड करून उभी राहिली. हार्लन त्या वेळी मागे टेबलापाशी ताट भरत होता. आणि मी? मी अर्धी उठले होते. मांड्या खुर्चीपासून सुटल्या होत्या, शपथेवर सांगते. मग मी इकडेतिकडे पाहिलं. आमच्या भागात एकही माणूस उभा नव्हता. वर, लांब वर, काळोखात सगळा डोंगर उभा होता, आमची रांग कुठली ते इथून कळतही नव्हतं. आणि इथे मऊ दिव्यात सगळे बसलेले, पेल्यातला बर्फ हलवत. मागे एक बाई होती, कानात मोती, ती माझ्याकडे बघत होती. माझ्याकडे नाही, माझ्या कोटाकडे, जो मी खुर्चीच्या पाठीवर टाकला होता आणि ज्याचं अस्तर काखेत फाटलेलं आहे. मी बसले. खुर्चीनं मला घेतलं, आवाज न करता घेतलं, जणू तिला ठाऊकच होतं.

आपल्या पोरांनी पहिला चेंडू चुकवला. दुसरा चुकवला. समोरच्यांनी दोन घातल्या. लंबूनं हातातला चेंडू बाहेर घालवला. मिनिट गेलं, दुसरं गेलं. ट्वायला उभी. मागून एक पुरुषी आवाज आला, "बाई, जरा बसता का? आम्हाला दिसत नाहीये." ट्वायला वळली नाही. तिला वाटलं असेल दुसऱ्या कुणाला बोलतोय, कारण आमच्यात कोण कुणाला बसा म्हणतं.

"कुणाला म्हणतोय गं तो?" तिनं विचारलं. "उभी आहेस ना?"

"उभीच आहे की," मी म्हणाले.

शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं मी काय केलं ते. आंधळ्या माणसाशी खोटं बोलताना लोक चेहरा सांभाळतात. मूर्ख. ट्वायलानं मान माझ्याकडे वळवली, आणि मग, अगदी थोडी, खाली झुकवली. माझा आवाज जिथून आला होता तिथे. तिच्या कमरेपाशी. इतकी वर्षं जो आवाज तिच्या कानाला लागून आला तो तिच्या कमरेपाशी होता. ती परत समोर तोंड करून उभी राहिली, एकटी, आणि आता तिला ठाऊक होतं की एकटी. अजून मिनिटभर. मी तेव्हा तरी उठायला हवं होतं. उठले असते तर आवाज वर सरकला असता आणि तिला तेही कळलं असतं. मी तशीच राहिले, तोंड मिटून. पाद्रीनं कोपऱ्यातून एक घातली. गर्जना झाली, वरचा सगळा डोंगर खाडखाड करत बसला. ट्वायलानं मागे हात करून खुर्ची चाचपली, ती उघडीच होती, कुणी दाबून धरायची गरज नव्हती, आणि ती स्वतःची स्वतः बसली. पाटी मांडीवर घेतली.

त्यानंतर मी सांगायला लागले. नेहमीपेक्षा जोरात, नेहमीपेक्षा चांगलं, जीव तोडून. चेंडू पाद्रीकडे, म्हटलं, पाद्री उजवीकडून निघालाय, रेड्यासारखा.

"डावीकडून," ट्वायला म्हणाली. बोटं पाटीवर होती.

"त्याची उजवी, आपली डावी."

"बरं."

मी परत सांगायला लागले, आणि माझ्या लक्षात आलं की मी उशिरा पोचतेय. चेंडू तिच्या बोटांखालून निघून जायचा, मग माझं वाक्य यायचं. शिळं. ती मान हलवायची, तीही कशी, तर पोरगं तेच गाणं तिसऱ्यांदा म्हणतं तेव्हा हलवतात तशी. तिच्या चेहऱ्यावर एक गोष्ट होती जी मी वर कधीच पाहिली नव्हती. वर ती माझ्याकडे कललेली असायची, कपाळाला आठी, माझ्या वाक्यातून मैदान उपसून काढत असायची. इथे ती सरळ बसली होती. आठी नव्हती. बोटं पळत होती, ओठ जरासे उघडे, आणि कधीकधी गर्जनेच्या आधी, अठरा हजारांच्या आधी, तिच्या तोंडून हूं निघायचं. तिला माझी गरज नव्हती. पाटी माझ्यापेक्षा चांगली होती. हे कुणीतरी सरळ म्हणायला हवं. पाटीचं काळीज नसतं वगैरे लोक म्हणतात, ते पाटीचा हेवा न वाटलेले लोक. पाटी खरं सांगते, दमत नाही, आणि तिच्या काखेतलं अस्तर फाटलेलं नसतं. मला ती उचलून गोमांसाच्या दिव्याखाली ठेवावीशी वाटली. हार्लनचा हात ट्वायलाच्या गुडघ्यावर होता, त्याचं मला आता काहीच वाटेना. हार्लन तिच्या गुडघ्यावर होता. पाटी मात्र माझ्या जागेवर.

मध्यंतर झालं. हार्लन म्हणाला, "ग्लेंडा, तुम्ही काहीच घेतलं नाहीत. पीचचं आणू का? अगदी घरच्यासारखं असतं."

"कुणाच्या घरच्यासारखं?" मी म्हणाले.

तो हसून गेला आणायला. शहाणा माणूस. आम्ही दोघी उरलो.

"तू बसली होतीस," ट्वायला म्हणाली.

मी मनगटावरचा कागदी पट्टा फिरवत राहिले.

"मला लोकांनी बसा म्हटलं त्याचं काही नाही. मी त्यांना नंतर हार्लनकरवी दोन शब्द ऐकवीन. पण तू बसली होतीस आणि तरी उभी आहे म्हणालीस."

"तू पण इथेच येऊन बसतेस की वर्षभर. निम्मे सामने! मी वर एकटी मिटलेल्या खुर्चीशी बोलते, आणि तू इथे ताट मांडीवर घेऊन..."

"मी बसते. पण बास्केट पडल्यावर," ती म्हणाली. "हार्लनसुद्धा उभा राहतो बरं का. त्याचे गुडघे गेलेत, टेबलाला धरून राहतो. आज ताट भरायला गेला, कारण त्याला वाटलं तू आहेस बाजूला."

हे मला ठाऊक नव्हतं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

"तू म्हणायचीस मुडदे बसलेत," ट्वायला म्हणाली. "सतरा वर्षं म्हणतेस. म्हटलं, आपली ग्लेंडा खाली येईल तेव्हा या मुडद्यांची धडगत नाही. मी वाट बघत होते, मूर्खासारखी. हार्लनला सांगून ठेवलं होतं, घाबरू नकोस, ती आरडाओरडा करेल. आणि तू काय केलंस? कुणाला घाबरलीस?"

"मागे मोत्यांची बाई आहे."

"मग?"

"माझा कोट बघत होती."

ट्वायला म्हणाली, "मला पण दिसत असतं तर मीही घाबरले असते कदाचित. पण मला दिसत नाही ना. मला तू सांगतेस तेवढंच दिसतं." ती हे प्रेमानं म्हणाली नाही. कोरडं म्हणाली, जसं भट्टीपाशी म्हणायची, या ट्रेमधले पाव गेलेत, फेकून दे.

हार्लन पीचचं गोड घेऊन आला. मी ते सगळं खाल्लं. चांगलं होतं, त्याचाही राग आला.

दुसरा अर्धा भाग सुरू झाला. चेंडू आपल्या हातात, आणि मी उभी राहिले. हार्लन टेबलाला धरून उठायला लागला तर ट्वायलानं त्याची बाही ओढली. तो बसला. तीही बसून राहिली, पाटी मांडीवर, बोटं पाटीवर. म्हणजे तिनं मला एकटी सोडलं. बरोबरच होतं. मी उभी राहिले आणि माझा फाटका कोट खुर्चीवरून उचलून अंगात घातला, काखेसकट. पोरांनी पहिला चुकवला. मागून तोच आवाज, "आता ही दुसरी! बाई, इथे लोक बसलेत."

"दिसतंय मला," मी मागे न वळता म्हणाले. "बसलेच आहात. उठा की जरा. बास्केट पडेपर्यंत उभं राहायची पद्धत आहे या गावात. तुम्ही कुठल्या गावचे?"

"ग्लेंडा," हार्लन हळूच म्हणाला, पण त्याच्या आवाजात हसू होतं बहुतेक. मला खात्री नाही.

दुसरा चुकला. तिसरा रिंगवर फिरून बाहेर आला. मी काही सांगत नव्हते. मैदानाचं एक अक्षर मी तिला सांगितलं नाही. तिच्याकडे पाटी होती. मी नुसती उभी होते, आणि मनात एवढंच होतं की तिनं मान वळवावी आणि वर करावी, माझा श्वास कुठून येतो ते ऐकावं. ती बोटांत गुंग होती. मग लंबूनं दोघांच्या मधून उडी घेतली आणि चेंडू आत कोंबला. छत फाटल्यासारखी गर्जना. वरचा डोंगर खाडखाड करत बसला. मी बसले नाही.

"पडली," ट्वायला म्हणाली.

"नाही पडली."

"पाटी सांगतेय. कानात सांगताहेत दोन गुण. सगळं गाव ओरडतंय, ग्लेंडा."

"मी सांगतेय, नाही पडली."

खेळ पुढे गेला होता, चेंडू दुसऱ्या टोकाला पोचला होता. तिची बोटं पाटीवर थांबली. आता ती हसेल किंवा मला घरी जा म्हणेल, असं मला वाटलं, आणि उद्या पाच वाजता मी फोनपाशी एकटी बसलेली मला दिसले. तिनं कानातलं बोंड काढलं. पाटीवरचे हात उचलले. मग पाटी खाली न ठेवता, अंदाजानं, आपल्या खुर्चीच्या पाठीला टेकवून ती उठली, आणि एक हात पुढे करून माझी बाही शोधली, वर चाचपत गेली, कोपर, खांदा, आणि खांद्यापाशी थांबली.

"उभी आहेस," ती म्हणाली.

"अहो बायांनो, पडली बास्केट! बसा आता!" मागचा माणूस ओरडला.

ट्वायला त्याच्या आवाजाकडे वळली. "तुमच्याकडे पडली असेल. आमच्याकडे अजून पडायचीय."

मग ती परत मैदानाकडे तोंड करून, जरा डावीकडे, हळू आवाजात म्हणाली, "उद्या पाचच्या आत फोन कर त्यांना. दोन्ही जागा ठेव. पण निम्मे सामने मी इथेच बसणार. पाटी आवडते मला. चालेल तुला?"

"नाही," मी म्हणाले.

"माहितीय. तरी फोन कर." तिनं डोकं माझ्याकडे कलवलं, कपाळावर आठी आली. "हं, सांग. कुणाकडे आहे?"

मी सांगायला लागले. खुर्चीत, तिच्या जागी, पाटी एकटी पडली होती, आणि तिच्यावर कुणाचीही बोटं नसताना चेंडू या टोकापासून त्या टोकापर्यंत थरथरत पळत होता. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.